हंड्यात ओतलेला केवडा

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध अत्तरकार राहत असे. घरापुढे मोगऱ्याचे मळे, मागे तांब्याचे हंडे मांडलेली भट्टी आणि हाताखाली एक तरुण शिष्य, एवढा त्याचा संसार. शिष्याचे नाक विलक्षण तल्लख होते. डोळे बांधून फुले पुढे धरली, तरी ती पहाटे खुडली की उन्हे वर आल्यावर, हे तो अचूक सांगे. या नाकासाठीच म्हाताऱ्याने त्याला ठेवून घेतले होते.

पण दैवाची थट्टा पाहा. चैत्र लागला, करंज आणि कडुनिंब फुलले, वाऱ्यावर परागांची बारीक धूळ उडू लागली, की हे नाक बंद. शिंकांमागून शिंका, डोळ्यांना धार, टाळूला खाज. वर्षभर मिरवणारे नाक नेमके फुलांच्या हंगामात संपावर जाई. मळ्यात फुले खुडणाऱ्या बायका त्याला चिडवीत, "अत्तरवाल्याकडं राहतोस आणि वास आम्हाला विचारतोस होय रे?" तोही त्यांच्याबरोबर हसे, पण आतून खचत असे.

इतकी वर्षे हे निभावून गेले, कारण हंगामात वास पारखायला म्हातारा स्वतः खंबीर होता. यंदा तसे राहिले नव्हते. एका सायंकाळी त्याने शिष्याला जवळ बसवून घेतले.

"माझं नाक गेलं बाबा आता," तो म्हणाला. "चंदन कुठलं आणि साधं तेल कुठलं, हेही धड कळेना. पंधरवड्यानं व्यापारी चंदनतेल घेऊन येईल. ते तू पारखायचंस."

शिष्य घाबरला, आणि ते उगाच नव्हते. हंड्यात उकळणाऱ्या मोगऱ्याची वाफ नळीतून खाली येते आणि तिथे ठेवलेल्या चंदनतेलात मुरते, तेव्हा कुठे अत्तर होते. तेलच भेसळीचे निघाले, तर साऱ्या हंगामाची फुले मातीत. शिवाय त्या मुलखाचा रिवाज कडक होता. अत्तरकाराच्या घराने व्यापाऱ्यादेखत तेल हुंगले आणि 'घेतले' असा शब्द उच्चारला, की मग ते तेल परत करता येत नसे. नाकाची चूक ती नाकवाल्याची.

"पण बाबा, माझं नाक बंद आहे."

"मग उघडू या की," म्हातारा म्हणाला.

त्याने फडताळातून चोचीची एक छोटी झारी काढली आणि नेती कशी करायची ते शिकवले. पाणी आधी चांगले उकळायचे आणि झाकून कोमट होऊ द्यायचे. त्यात मीठ घालायचे ते अश्रूंच्या चवीइतकेच. मग वाकून मान तिरकी करायची, तोंडाने श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत हलकेच धार सोडायची, म्हणजे पाणी आतून फिरून दुसरीतून बाहेर पडते. जोर कशालाच लावायचा नाही, शेवटी नाक शिंकरतानासुद्धा नाही. सकाळी एकदा आणि मळ्यातून परतल्यावर एकदा. झारी दर वेळी स्वच्छ धुऊन कोरडी करून ठेवायची.

शिष्याने मान डोलावली खरी, पण त्याचे मन मानेना. ज्या घरात गुलाब, वाळा आणि केवडा कुप्याकुप्यांतून भरून ठेवला आहे, तिथे उपचार काय, तर मीठपाणी? सुगंधाच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. डोके दुखले की चंदन, झोप येईना तर वाळा, रुसवा काढायचा तर गुलाब. जगातले प्रत्येक दुखणे कुठल्या तरी वासाने बरे होते, अशी त्यांची श्रद्धा असते. तेव्हा आपल्या या पठ्ठ्याने म्हाताऱ्याचा डोळा चुकवून झारीत केवड्याचा थेंब टाकला. एकाने काय होणार म्हणून आणखी एक टाकला.

पुढे जे झाले ते त्याने कुणाला फारसे सांगितले नाही. नाकात मिरची कुटल्यासारखी आग उठली, डोळे लाल झाले, आणि जे नाक निदान अर्धेमुर्धे उघडे होते ते ठार मिटले. तरी त्याने हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केवडा, पुन्हा तीच आग. तिसऱ्या दिवशी गाठोडे बांधून तो म्हाताऱ्यापुढे उभा राहिला.

"बाबा, नेती-बिती मला मानवत नाही. तुम्ही दुसरा कुणी बघा. माझ्यापायी तुमच्या घराचं नाव जायला नको." हे बोलताना त्याला खरोखरच रडू आले.

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिले. तिथे झारीच्या शेजारी केवड्याची कुपी होती आणि तिचे बूच सैल होते.

"जायचं तर जा," तो म्हणाला. "तेवढा वाळ्याचा हंडा धुऊन ठेव. मोगरा त्यातच चढवायचाय."

शिष्याने डोळे पुसले आणि तो कामाला लागला. हंड्यात कढत पाणी ओतून त्याने आतली बाजू घासघासून काढली. अजून एक पाणी दिले की काम झाले असते. तेवढ्यात म्हातारा काठी टेकत आला आणि त्याने केवड्याची आख्खी कुपी त्या हंड्यात रिकामी केली.

शिष्य जागच्या जागी थिजला. गुरूला वेड लागले असावे, असे त्याला वाटले.

"बाबा, हे काय केलंत? आता दहा वेळा धुतला तरी हंड्याचा केवडा जायचा नाही. मोगरा चढवायचा कसा यात?"

"का बरं? उत्तम केवडा आहे. मी स्वतः गाळलेला."

"असेल उत्तम. पण धुवायच्या पाण्यात कुणी अत्तर घालतं का? धुवायचं पाणी बिनवासाचंच हवं, हे तुम्हीच शिकवलंत मला..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिले. त्याने खिडकीकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे, आणि त्याचे कान लाल झाले.

म्हातारा भट्टीच्या कट्ट्यावर बसला. "झाडं पराग उधळणारच, त्यांचा हंगाम आहे," तो म्हणाला. "वारा काही आपल्या हातात नाही. पण बाहेरून आलास की पाय धुतोस ना? तसं नाक धुवायचं. पाण्यानं आतली धूळ घेऊन जावी, एवढंच त्याचं काम. मीठसुद्धा औषध म्हणून नाही. आपल्या अंगातलं पाणी खारट असतं, म्हणून खारट पाणी आत झोंबत नाही, इतकंच. तुला ते फार साधं वाटलं, आणि तू त्याला सजवायला गेलास. जे धुवायचं होतं, तिथंच तू आणखी एक भर घातलीस."

शिष्याने तो हंडा पुन्हा धुवायला घेतला, आणि त्या कामात त्याचे कैक दिवस गेले, हेही सांगायला हवे. गाठोडे मात्र त्याच संध्याकाळी सुटले.

आता झारीत नुसते पाणी आणि मीठ. पहिल्या दिवशी फारसे काही घडले नाही. पण मग एका सकाळी पाणी सरळ एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने धारेने बाहेर पडले, आणि थोड्या वेळाने चुलीवर तापणाऱ्या दुधाचा वास त्याला आला. तो तसाच ओट्याशी उभा राहिला आणि दूध उतू गेले तरी हलला नाही. शिंका अजून येत होत्या, डोळे चुरचुरत होते. हंगाम संपला नव्हता. पण दोन शिंकांच्या मध्ये नाक त्याचे स्वतःचे होते.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. अंगणात पितळी बरण्या मांडल्या गेल्या, मळ्यातल्या बायकाही कामे टाकून जमल्या. म्हाताऱ्याऐवजी शिष्य पुढे झालेला पाहून व्यापाऱ्याच्या भुवया उंचावल्या. शिष्याने पहिली बरणी हुंगली.

"घेतले."

दुसरी हुंगली. "घेतले."

तिसरीपाशी तो थांबला. अंगणाबाहेर जाऊन मोकळा श्वास घेऊन आला आणि पुन्हा वाकला. "हे घेत नाही. यात देवदार आहे."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "पोरा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी या दारात तेल आणतोय."

नेमकी त्याच क्षणी शिष्याला शिंक आली, आणि एक आली म्हणून मागोमाग दुसरी.

"हे बघा," व्यापारी सगळ्यांकडे वळून म्हणाला, "शिंक आडवी आली. असल्या नाकावर माझं तेल परत करता?"

बायका कुजबुजल्या. शिष्याने उपरण्याने नाक पुसले. वर्षापूर्वी असे कुणी बोलले असते, तर तो मान खाली घालून निघून गेला असता. आज त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"शिंक खरी आहे शेठ, आणि देवदारही खरा आहे. उन्हात तांब्याचं ताट ठेवू. दुसऱ्या बरणीतला एक थेंब, तिसरीतला एक. दुपारी तुम्हीच हुंगा."

ताट ठेवले गेले. जेवणे झाली. उन्हे कलल्यावर व्यापारी स्वतः ताटापाशी बसला. पहिल्या थेंबापाशी चंदन होते तसेच दरवळत होते. दुसऱ्यापाशी तो वाकला, पुन्हा वाकला. तिथे सुताराच्या दुकानाचा वास उरला होता.

"ही बरणी वाटेत एका नव्या माणसाकडून घेतली," तो अखेर म्हणाला. "फसलो मी. आणि तुम्हालाही फसवणार होतो." तो उठला, शिष्यापुढे आला आणि त्याने हात जोडले. "इथून पुढं या दारात माझी बरणी तुझ्यासमोरच उघडेल."

मळ्यातल्या बायकांनी असा काही गलका केला, की झाडावरचे कावळे उडाले. जी सर्वांत जास्त चिडवत असे, तिनेच पदराने डोळे पुसले. शिष्य हसत होता आणि शिंकत होता, आणि त्याला कशाचीच लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फुले एका नव्या हंड्यात चढली आणि संध्याकाळी पहिले अत्तर उतरले. शिष्याने काडीवर थेंब घेतला आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर लावला. म्हाताऱ्याने मनगट नाकाशी नेले, थोडा वेळ धरले आणि खाली घेतले.

"तू सांग," तो म्हणाला.

शिष्य त्याच्या शेजारी बसला. "पहाटेचा मोगरा आहे बाबा. दव सुकलेलं नाही अजून. थोडा हिरवा वास देठाचा आहे, तो दोन दिवसांत बसेल. आणि खाली चंदन आहे. नुसतं चंदन."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरले.

"आला," तो म्हणाला. "आला मला."