निळ्या बटणाच्या वर

"म्हणजे लोकांनी बटण दाबलं, यावरून त्यांनी दिलं असं धरायचं?" भंतेजींनी विचारलं.

प्रज्योत हसला. विहाराचं ॲप त्यानेच बनवलं होतं. भंतेजींनी होकार दिला की ते जिल्ह्यातल्या सगळ्या विहारांत जाणार होतं.

"परवानगी मागूनच घेतो आपण. तीनशे जणांनी दिलीय."

भंतेजींनी जेवणाचं ताट घेऊन आलेल्या सरूबाईंकडे पाहिलं.

"सरूबाई, तुम्ही काय दिलंत?"

"मी? काहीच नाही, भंतेजी. वंदना ऐकायची होती. ते निळं बटण दाबल्याशिवाय वाजेचना."

"बटणाच्या वर काय लिहिलंय?"

"मुंग्या चालल्यासारखं बारीक आहे. चष्म्यानंही दिसत नाही."

प्रज्योतने ते वाचून दाखवलं. फोनमधली सगळी नावं, नंबर, पत्ते ॲप घेणार आणि ॲपवर असलेल्या प्रत्येकाला दाखवणार.

"तेवढ्याच ओळखी वाढतात, मावशी."

सरूबाईंनी ताट जमिनीवर ठेवलं.

"प्रत्येकाला म्हणजे... आमच्या जावयालाही? त्याच्याही फोनवर आहे हे. करुणाचा नवा पत्ता?"

करुणा त्यांची लेक. नवऱ्याच्या मारहाणीतून जीव वाचवून ती निघून गेली होती. कुठे राहते, हे आईने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

प्रज्योतने घाईघाईने यादी उघडली. करुणाचं नाव होतं. गल्लीसकट.

सरूबाई लेकीला फोन लावत अनवाणीच बाहेर धावल्या.

प्रज्योतने सगळ्यांचीच यादी पुसून टाकली. ॲपच्या नोंदीत पाहिलं, जावयाने ती अजून उघडली नव्हती. प्रज्योतने सुटकेचा श्वास सोडला.

"मी लिहिलं तर होतं, भंतेजी..."

भंतेजींनी घड्याळाकडे पाहिलं.

प्रज्योतने जमिनीवरचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"बारा वाजत आले. त्यानंतर तुम्ही जेवत नाही ना?"

भंतेजींचे हात मांडीवरच राहिले. भात निवत गेला. घड्याळात बारा वाजून गेले, तसे ते उठले.

"आता उद्या सकाळी."

प्रज्योत हबकला. "दिवसभर उपाशी? अहो, ताट समोरच होतं की."

"भिक्खू हातात दिलेलंच घेतो."

"पण मी नको कुठे म्हणालो होतो?"

भंतेजींनी दाराकडे पाहिलं.

"सरूबाई तरी नको कुठे म्हणाल्या होत्या..."