तानूबाईने स्वतः लावलेला कौल

भाविकहो, सह्याद्रीच्या पायथ्याशी आंबेघोळ नावाचे गाव आहे. तिथे भैरोबाच्या देवळाच्या पडवीत सोमाजी महाराज राहत. अंगावर घोंगडी, पुढ्यात धुनी, आणि बोलणे असे सडेतोड की भलेभले खाली मान घालत.

त्याच गावात तानूबाई नावाची एक विधवा होती. तिचा नवरा पालखीपुढे दिवटी घेऊन डोंगर चढताना कड्यावरून पडून गेला. झाले! रावजी गुरवाने जाहीर केले, की या घरावर देवाचा कोप आहे. पुढे लेकीचे लग्न कसेबसे जुळत आले, तर सोयऱ्यांचा निरोप आला, "आधी भैरोबाचा कौल आणा, मगच सुपारी फोडू."

कौल घ्यायचा म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवून देवाला विचारायचे. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. हा मान एकट्या गुरवाचा. रावजीने फुले लावली न लावली तोच तो म्हणाला, "डावं! ऊठ तानू. देवाला तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही."

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसले. तानूबाई ताडकन उठली. "मी डोंगरावरच्या मूळ ठाण्यावर जाऊन विचारते. नाही म्हणायचं तर देवानं माझ्या तोंडावर म्हणावं!"

"एकटी? पालखीशिवाय?" रावजी म्हणाला. "नवऱ्यासारखीच कड्याखाली सापडशील!"

तिने महाराजांकडे पाहिले. महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? नीघ! देव काय गुरवाच्या दाव्याला बांधलाय?"

ना शिदोरी, ना काठी. नेसत्या लुगड्यानिशी ती देवळातून थेट डोंगराच्या वाटेला लागली.

श्रावणाचे दिवस. नवरा जिथे पडला त्याच अरुंद वाटेवर तिला धुक्याने गाठले. पुढचे पाऊल दिसेना. ती मटकन खाली बसली आणि रडली. आणि मग, काय त्या माउलीची हिंमत सांगावी, ती देवावरच कडाडली, "भैरोबा! पालखी तुझी, दिवटी तुझी आणि मेला माणूस माझा! वर कोप माझ्याच घरावर? मी माघारी जायची नाही. ढकलायचं तर ढकल खाली, पण आधी जाब दे!"

तोच वरून घंटा घणघणली. अहो, पावसाळ्यात त्या देवळात चिटपाखरू नसते! घंटा काही थांबेना. आवाजाच्या रोखाने, कड्याला धरधरून तानूबाई वर पोहोचली. देवळात कुणी नव्हते, घंटा मात्र हलत होती. तिने रानफुले खुडली, स्वतःच्या हाताने देवाच्या खांद्यांवर लावली आणि विचारले, "लेकीला उजवू ना रे?" उजवे फूल टपकन तिच्या ओंजळीत पडले. तिने हंबरडाच फोडला.

इकडे गावात भलतीच पंचाईत झाली. कुणी हरवलेल्या म्हशीसाठी, कुणी दुखण्यासाठी कौल मागत होते आणि फुले पडतच नव्हती. सुकली तरी खांद्यांना चिकटलेली! रावजीला घाम फुटला. महाराज पडवीतून म्हणाले, "रिकाम्या घराची कडी किती वाजवशील? देव घरात नाही. बाईमाणूस एकटं डोंगरात गेलं, तो तिच्या सोबतीला गेलाय."

दुसऱ्या दिवशी तानूबाईने देवळाच्या उंबऱ्यात पाय ठेवला मात्र, आणि सगळ्या गावादेखत उजवे फूल खाली आले.

रावजीचा चेहरा पांढराफटक पडला. "महाराज, काल डावं फूल आपसूक पडलंच नव्हतं. मीच अंगठ्यानं पाडलं. एकदा कोप म्हणून बसलो होतो, शब्द मागे घेववेना." असे म्हणत तो महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय आखडून घेतले. "माझ्या कशाला? जिला छळलंस तिच्या पड."

तो तिच्याकडे वळला, पण तानूबाई मागे सरकली. "इथं नको. सोयऱ्यांच्या अंगणात चला. तिथं चार माणसांत हेच बोला आणि मग पाया पडा."

आणि रावजी गुरव गेला, भाविकहो! भरल्या अंगणात सगळे कबूल करून त्याने तानूबाईच्या पायांवर डोके ठेवले. तेव्हा कुठे ती म्हणाली, "उठा गुरव. आता तुमच्याच हातानं सुपारी फोडा."