लाल शालीवरचा सरडा

फार फार पूर्वी, एका गडाच्या पायथ्याशी रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथे गोजरा नावाची एक रंगारीण आपल्या सासूबरोबर राहायची. घरात दोघीच. रंगाचे हौद आणि दोरीवर वाळत घातलेली लुगडी, एवढाच त्यांचा पसारा.

एकदा सरपणाची मोळी सोडताना त्यातून एक सरडा बाहेर आला. कुंपणावरचा साधा सरडा नव्हे, रंग बदलणारा. शेपूट गोल गुंडाळलेली, एक डोळा आभाळाकडे तर दुसरा जमिनीकडे, आणि चाल अशी, की वाऱ्यावर पान डुलतंय असं वाटावं. गोजरा त्याला पाहतच राहिली. जिचा जन्म रंगात हात बुडवण्यात गेला, तिला असा जिवंत रंग सापडला!

"आत्याबाई, मी पाळते ह्याला," ती सासूला म्हणाली.

"कधी मांजर पाळलं नाहीस, आणि एकदम सरडा? खातो काय तो?"

गोजरेला ठाऊक नव्हतं. पण हौस दांडगी. तिने त्याला वेताच्या करंडीत ठेवलं, खाली मऊ कापड अंथरलं, वाटीभर पाणी आणि वाटीभर दूध-साखर ठेवली. सरड्याने दोन्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे एक नाकतोडा चुकून करंडीत शिरला, तेव्हा सपकन लांबलचक जीभ बाहेर आली आणि नाकतोडा गडप! गोजरेने टाळीच वाजवली. त्या दिवसापासून ती गवतात नाकतोडे शोधत हिंडू लागली.

बातमी गडावर गेली. सरदारांच्या बाईसाहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"हा सरडा ज्यावर बसतो त्याचा रंग घेतो म्हणे," बाईसाहेब म्हणाल्या. "सणाच्या दरबारात माझ्या लाल शालीवर बसव त्याला. सगळ्यांसमोर तो लाल झाला, तर गडावरचं झाडून सगळं कापड तुझ्या हौदात रंगेल. आणि नाही झाला, तर गडाची पायरी चढू नकोस."

"होईल, बाईसाहेब," गोजरा बोलून गेली.

तिने त्याला लाल झालेलं कधीच पाहिलं नव्हतं. घरी येताच ती सरावाला लागली. लाल कापडावर ठेवला, काही नाही. पिवळ्यावर, निळ्यावर, पुन्हा लालवर. सरडा अंग फुगवून फुसकारला. तिने त्याला मुठीत धरलं, गोंजारलं, पुन्हा कापडावर ठेवलं. त्याच्या अंगावरचा हिरवा रंग विटला. मग तो तपकिरी झाला, मग काळपट.

"बदलतोय की रंग!" ती म्हणाली.

"अगं, तो बदलत नाही, कोमेजतोय," सासू म्हणाली. गोजरेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सण जवळ आला तसं सरड्याने खाणं टाकलं. नाकतोडा नाकासमोरून गेला तरी जीभ हलेना. डोळे आत गेले. सणाच्या सकाळी करंडी उघडली, तर तो कोळशासारखा काळा पडून एका कुशीवर कलंडला होता. गोजरेने घाईघाईने त्याला अंगणातल्या तगरीच्या फांदीवर, उन्हात ठेवलं. त्याच्या पायांनी फांदी कशीबशी धरली.

तेवढ्यात गडावर शिंग वाजलं. चढणीवरून शिपाई खाली येताना दिसला.

काय करावं ते सुचेना. दोरीवरच्या धुतलेल्या लुगड्याचं पाणी तगरीच्या पानांवर टपकत होतं. एक थेंब सरड्याच्या तोंडाजवळच्या पानावर थांबला. सरड्याने मान उचलली. थेंब चाटला. मग दुसरा. मग तिसऱ्यासाठी तोंड उघडून थांबला.

आता गोजरेच्या लक्षात आलं. भरल्या वाटीशेजारी तो तहानेने मरत होता! साचलेलं पाणी त्याला कळतच नव्हतं. पानावरचं दव पिणारा जीव तो.

"चल, करंडी घे," दारात येऊन शिपाई म्हणाला. "बाईसाहेब वाट बघतायत."

"पाणी पितोय तो."

"मग? वाटेत पाजू." शिपायाने फांदीकडे हात नेला.

गोजरा मध्ये उभी राहिली. "हात लावू नका त्याला. आता हलवला तर जिवानिशी जाईल तो. मी येते. एकटीच येते."

"डोकं फिरलं का तुझं? रिकाम्या हाताने जाशील तिथे?"

"हो," ती म्हणाली, आणि सासूकडे वळली. "आत्याबाई, पानांवर पाणी शिंपडत राहा. त्याला धरू मात्र नका."

दरबार भरलेला होता. चौरंगावर लाल शाल अंथरलेली. गोजरेने मान खाली घातली. "बाईसाहेब, सरडा आणला नाही. त्याच्या अंगावर उतरतो तो त्याच्या भीतीचा आणि तहानेचा रंग, शालीचा नव्हे. माझ्या हातात तो काळा पडला, आणि मी त्याला नाचवतच राहिले. चूक माझी आहे."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला. "जा," एवढंच त्या बोलल्या.

गडाचं कापड दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याकडे गेलं. त्या वर्षी गोजरेचे हौद अर्धे रिकामे राहिले. ती पहाटे उठून तगरीवर पाणी शिंपडायला जाई, तर पानं आधीच ओली झालेली असत. सासू तांब्या पालथा घालून गुपचूप चुलीपाशी बसलेली असे.

सरडा जगला. एका सकाळी कोवळ्या उन्हात तो फांदीवर पसरला होता, अंगभर पोपटी आणि त्यावर पिवळे ठिपके. असा रंग गोजरेच्या कुठल्याच हौदात कधी उतरला नव्हता. तिने त्याला उचलायला हात पुढे केला. सरड्याचा एक डोळा तिच्याकडे वळला.

गोजरेने हात मागे घेतला आणि तिथेच अंगणात, लांबून त्याला बघत बसली.

तात्पर्य काय, तर जीव लावणं सोपं असतं. त्या जिवाला काय हवं ते ओळखून वागणं, याला सांभाळणं म्हणतात.