फाट्यावरचा फलक

एकदा एक महामार्ग एका गावाला न विचारताच चार किलोमीटर अंतरावरून निघून गेला. गावातला जुना रस्ता ओस पडला. गावाच्या वाट्याला महामार्गावरचा एक फाटा तेवढा उरला.

गावकऱ्यांनी त्या फाट्यावर भव्य फलक उभारला: ‘पुढे कशाला जाता? तुमचे ठिकाण हेच!’ खाली धबधब्याचे रंगीत चित्र होते. प्रवासी वळत, आठ महिने कोरडा राहणारा कडा पाहत आणि “एवढंच?” असे म्हणून निघून जात. दुसऱ्यांदा कोणी येत नसे.

गावात शैलजाची खानावळ होती. दोन चुली विझल्या होत्या, तिसरी कशीबशी पेटत होती. ती आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. “गुरुजी, तुमच्याकडून निबंध शिकले. आता फलकासाठी अशा चार ओळी सांगा, की माणूस आपसूक इकडे वळेल.”

गुरुजी म्हणाले, “आधी थोडे दिवस तुझ्या ओट्यावर बसतो.”

तिसऱ्या दुपारी एक मोटार आली. पती, पत्नी आणि मागच्या आसनावर वृद्ध आई. शैलजाने लगबगीने पाट मांडले. पती म्हणाला, “फलक पाहून आईच म्हणाली, धबधबा बघू. आज इथंच मुक्काम करावा म्हणते.”

गुरुजी आईजवळ जाऊन बसले. पाण्याचा तांब्या पुढे करत त्यांनी विचारले, “कुठं निघालात, बाई?”

तिने दोन घोट पाणी घेतले. मग म्हणाली, “धाकट्या बहिणीकडे. अकरा वर्षं बोलणं नाही. आता अंथरुणाला खिळलीय. दारात उभं राहून पहिलं काय बोलायचं, तेच सुचत नाही.”

गुरुजींनी तिला स्वस्थ बसू दिले. तिने तोंड धुतले, गरम भाकरी खाल्ली, खाटेवर जरा पाठ टेकली. अर्ध्या तासाने गुरुजी उठून तिच्या मुलाला म्हणाले, “धबधब्याला पाणी नाही. मुक्काम करू नका. आत्ता निघालात तर दिवेलागणीला पोचाल.” आणि ते स्वतः गावाबाहेरच्या वळणापर्यंत चालत जाऊन रस्ता दाखवून आले.

शैलजा भांडी आवरत होती. ती म्हणाली, “गुरुजी, महिन्याभरात मुक्कामाला आलेली ही पहिली माणसं. तुम्ही त्यांना परत पाठवलंत.”

“त्या माउलीला धबधबा बघायचा नव्हता, शैला. तिला पोचायची भीती वाटत होती. धीर गोळा करायला अर्धा तास हवा होता, तो तुझ्या ओट्यावर मिळाला. प्रत्येक प्रवाशाचं ठिकाण तो घरून निघतानाच ठरलेलं असतं. आपण त्याच्या वाटेवर आहोत, आणि वाटेवर असणं काही कमीपणाचं नाही. पण आपणच ठिकाण आहोत असं सांगू लागलो, की त्याला त्याच्या माणसांपासून अडवतो.”

“मग गावानं जगायचं कसं?”

“पूर्वी एसटी थांबायची, तेव्हा धबधबा बघायला कोण उतरत होतं? लोक तुझ्या आईच्या हातचं पिठलं खायला उतरायचे, आणि परतताना पुन्हा उतरायचे.”

 पुढचे दोन दिवस शैलजा फलक बदलण्यासाठी दारोदार फिरली. काहींनी नाके मुरडली, तरी अखेर फलक नव्याने रंगला: ‘पुढचे शहर पंचेचाळीस किलोमीटर. आत चार किलोमीटरवर गावात सावली, गरम जेवण, स्वच्छ शौचालय. धबधबा फक्त पावसाळ्यात.’

गाड्या आधी कमीच वळल्या. पण जे वळले, ते घड्याळ न पाहता जेवले. महिन्याभरात दुसरी चूल पेटली.

एका सकाळी मालट्रकचा चालक उतरला. “ताई, इथं बघण्यासारखं काय आहे?”

शैलजाने त्याच्यासमोर पाणी ठेवले. “आधी तुम्ही सांगा, दादा. कुठवर जायचंय?”

चालकाने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि तो सावकाश आपल्या घराविषयी सांगू लागला.