बिवलकर साहेबांचं टीव्ही युनिट

बिवलकर साहेबांच्या टीव्ही युनिटने माझं डोकं पिकवलं होतं. साहेब निवृत्त अधीक्षक अभियंता, मी साधा सुतार. मी सांगाडा उभा केला, की साहेब आतून आणखी एक सन्मानचिन्ह घेऊन येत. "मेस्त्री, याला एक कप्पा काढा." मग मी बसवलेलं प्लाय पुन्हा काढायचं. चाळीस वर्षांच्या नोकरीत या माणसाचा सत्कार करायचा कोणी ठेवलाच नव्हता! सतरा कप्पे झाले आणि पंचावन्न इंची टीव्हीसाठी पाटाएवढी जागा उरली.

"साहेब, टीव्ही मावणार नाही," असं मी तीनदा सांगितलं.

"इंजिनिअर कोण? तुम्ही की मी?" असं त्यांनी तीनदा ऐकवलं.

अठरावं सन्मानचिन्ह आलं, तेव्हा मी वाद घातलाच नाही. उरलेल्या जागेतही फळी ठोकली.

संध्याकाळी मालिकेच्या वेळेला वहिनी बाहेर आल्या. "अहो, टीव्ही कुठे लावायचा?"

साहेब माझ्यावर कडाडले, "मेस्त्री, आता घरातल्यांनी इथे बसून बघायचं काय?"

"तुम्हालाच, साहेब," मी म्हणालो. "फक्त आवाज बंद करायचं बटण कुठे बसवू, तेवढं वहिनींना विचारून सांगा."

वहिनींनी पदर खोचला, पहिलं सन्मानचिन्ह उचललं आणि माळ्यावर चढायला माझी शिडी मागितली.