बेडकाची पट्टी

"पण या धुनेत खोट काय आहे, ते तरी सांगाल का?" जुनैदने विचारलं.

मोरिवाकी सेन्सेई, म्हणजे त्याचे जपानी गुरुजी, चहा फुंकत बसले होते.

जुनैद शिकलगार मिरजेचा, तंबोरे बनवणाऱ्या घरातला. लहानपणी मामाकडे एका जपानी व्हिडिओ गेमच्या धुनेने त्याला वेड लावलं. पुढे तो गेम कुठे मिळाला नाही, पण धून डोक्यातून गेली नाही. शेवटी पठ्ठ्या जपानी शिकला आणि ती धून बांधणाऱ्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे याच सेन्सेईंच्या दारात, थेट कोबे शहरात येऊन उभा राहिला.

आता जुन्या यंत्रावर चालणारा एक नवा गेम निघत होता. पहिल्या टप्प्याची धून सेन्सेईंनी जुनैदवर सोपवली होती. आज ती पसंत पडली तर पडद्यावर त्याचं नाव येणार, नाहीतर सेन्सेई स्वतःच नवी बांधणार. जुनैदने अब्बांना फोनवर आधीच सांगून टाकलं होतं. घाई नडते ती अशी.

धून झकास होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. नुसते सुरावर सूर, श्वास घ्यायला कुठे फट नाही.

"खोट नाही," सेन्सेई म्हणाले. "गच्च भरली आहे."

"मग?"

सेन्सेईंनी कंट्रोलर त्याच्यापुढे सरकवला. "खेळ."

पडद्यावर एक बेडूक पळू लागला. खड्डा आला. जुनैदने बटण दाबलं, बेडकाने 'टुइं' करून उडी मारली आणि नेमका तेवढाच धुनेचा सूर गायब झाला. पुढच्या उडीला पुन्हा तेच. त्या यंत्राला एका वेळी मोजकेच आवाज काढता येतात. उडीला आवाज हवा असला की तो धुनेकडून काढून घ्यावा लागतो.

"हा बेडूक माझी धून खातोय," जुनैद वैतागून म्हणाला. "त्याचा आवाज बंद करा ना."

"करता येईल... मग खेळायचं कशाला?"

सेन्सेईंनी उठून दुसरी धून लावली. दोन सूर, मग गप्प. तीन सूर, मग गप्प. लंगडत चालल्यासारखी.

"ही कुठली?"

"ज्या धुनेसाठी तू इतक्या लांब आलास, ती."

"छे. ती भरगच्च होती. मला पाठ आहे."

"खेळ."

सेन्सेईंनी तो जुना गेम लावला. जुनैदने बटण दाबलं. उडीचा आवाज बरोबर त्या मोकळ्या जागेत जाऊन बसला. जरा उशिरा मारली, तरी सुरात. लवकर मारली, तरी सुरात. त्याच्या अंगावर काटा आला. तो खड्डा नसतानाही उड्या मारू लागला.

"हाच तो सूर, सेन्सेई. याच्यावरच माझा जीव जडला होता."

"तो मी लिहिलेला नाही. तो तुझ्या उडीचा."

जुनैदचा अंगठा बटणावरच थांबला...

"तुझे अब्बा तंबोरा लावताना आधी काय करतात?"

"गवयाला पट्टी विचारतात. तो कुठल्या सुरात गाणार, ते."

"तू बेडकाला विचारलीस?"

जुनैदला हसू आवरेना. त्याने आपली धून पुढ्यात ओढली आणि दुपारभर एकेक सूर काढत बसला. ज्यांच्यासाठी रात्री जागला होता, ते सूर तो आता आनंदाने पुसत होता. जेवायचीही शुद्ध नव्हती. मधूनच बटण दाबायचा, बेडकाचा सूर ऐकायचा आणि "वा, बेडूकबुवा" म्हणून पुन्हा कामाला लागायचा.

संध्याकाळी त्याने धून ऐकवली. सेन्सेई डोळे मिटून बसले. मग त्यांनी कंट्रोलर उचलला, तीन उड्या मारल्या आणि मान डोलावली.

जुनैदचा जीव भांड्यात पडला. पण आता वेगळीच पंचाईत होती. निम्मे सूर तर बेडकाचे होते.

"सेन्सेई... पडद्यावर नाव कुणाचं घालायचं?"

"तुझंच घाल," म्हातारा म्हणाला. "शेजारी थोडी जागा मोकळी सोड."