चिंच न घातलेलं अळू

"म्हणजे नुसतं पान बघून तुला खाजरं अळू ओळखता येईल?" मठ सांभाळणाऱ्या माईंनी विचारलं.

"डोळे झाकून, माई!"

"डोळे झाकून पान कसं बघशील गं?"

कुंदा हसली. पोफळींच्या सावलीतून ती धावतच मठात आली होती. पाय चिखलानं माखलेले, दोन्ही हातांत एकेक पान.

"हे बघा! दोन्ही जुळ्या बहिणींसारखी. पण चांगल्याचा देठ पानाला काठापासून जरा आत चिकटलेला असतो. खाजऱ्याचा थेट खाचेत. खूण सापडली, माई!"

माईंनी दोन्ही पानं उलटून पाहिली.

काल उत्सवाच्या पंगतीत अळूच्या भाजीनं पाहुण्यांचे घसे खाजले होते. पानं मठातल्याच रेवतीनं खुडली होती, भाजीही तिनंच केली होती. कुंदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जिच्या हातचं खाऊन लोकांचा घसा धरतो, तिनं मठात राहू नये." बिचाऱ्या रेवतीनं रात्रीच गाठोडं बांधलं होतं.

"आज तू रांध," माई म्हणाल्या. "रेवतीचं नंतर ठरवू."

कुंदाचा आनंद गगनात मावेना. एकेक देठ उलटून पाहत तिनं पानं खुडली. एकही चुकलं नाही. भाजी रटरटायला लागली.

"चिंच घातलीस ना गं?" रेवतीनं दारातूनच हळूच विचारलं.

"पानांचा संशय असेल तर चिंच लागते. माझी खात्री आहे!"

ताटं वाढली. माईंनी पहिला घास घेतला. कुंदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली…

माईंना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. रेवती तांब्या घेऊन धावली.

कुंदानं घाईघाईनं भाजी चाखली. घशात जणू कुसळं टोचली.

"पण… पानं चांगलीच होती, माई!"

"चांगलीच होती."

"मग?"

"चांगल्या अळूलाही चिंच लागतेच," म्हणत माईंनी पुढचा घास घेतला. मग त्याच्या पुढचा…

कुंदाचा चेहरा उतरला. कालचं आपलंच बोलणं तिला आठवलं. कोपऱ्यात रेवतीचं गाठोडं होतं. कुंदा त्याच्याकडे बघत राहिली.

"माई," ती म्हणाली. "मी… निघू का?"

माईंनी वाटी पुसून घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"वाढ, पोरी. कालची रेवतीची भाजीही मी दोनदा घेतली होती."